चार इयत्ता शिकलेल्यांनी लिहिलेलं स्वातंत्र्य

केनियात ब्रिटिशांच्या काळात किपांडे नावाचा एक प्रकार होता. सोळा वर्षांपुढच्या प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला तो जवळ बाळगावाच लागायचा. म्हणजे एक कागद, त्यावर नाव, जमात, बोटांचे ठसे, कुठल्या गोऱ्या मालकाकडे किती दिवस काम केलं, पगार काय होता, मालकानं सोडलंय की नाही, सगळं लिहिलेलं, आणि तो कागद पत्र्याच्या छोट्या डबीत घालून डबी दोरीनं गळ्यात अडकवलेली. कायदा १९१५ सालचा, अंमल पहिलं महायुद्ध संपल्यावर सुरू झाला. मालकानं सही करून मोकळं केल्याशिवाय माणूस दुसरीकडे कामाला जाऊ शकत नव्हता, गेला तर गुन्हेगार. आणि ज्याच्या गळ्यात हा कागद, त्याला त्यावर काय लिहिलंय ते बहुतेक वेळा वाचता यायचं नाही. वसाहतवादाबद्दल मी आजवर जे काही वाचलंय, त्यात गोळीबार आहेत, दुष्काळ आहेत, फाशा आहेत, पण ही डबी माझ्या मनातून जात नाही.

कारण ती डोळ्यासमोर ठेवली की केनियातल्या लोकांना वाचायला शिकायची एवढी घाई का झाली होती ते समजतं. आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय ते कळायला हवं होतं. आणि मग पुढची पायरी, आपण स्वतः लिहायला हवं.

आफ्रिकेच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना आपल्याकडे नेहमी मोठी नावं येतात, घानाचा एन्क्रुमा, टांझानियाचा न्येरेरे, सेनेगलचा सेंघोर. एक अमेरिकेत शिकलेला, एक एडिंबराला, एक पॅरिसला. थोर माणसं होती, वादच नाही. पण मला ओढ वाटते ती त्यांच्या खालच्या थराची, मिशनच्या शाळेत जेमतेम काही इयत्ता करून बाहेर पडलेल्या, टेलिफोन ऑपरेटर, मीटर रीडर, रेल्वेचा गार्ड, गावातला मास्तर, अशा नोकऱ्या करणाऱ्या माणसांची. गोऱ्यांच्या लेखी हे अर्धवट शिकलेले होते, आणि सरकारी कागदांत त्यांच्याबद्दलचा तुच्छतेचा सूर लपत नाही. माझं म्हणणं असं आहे की केनिया नावाचा विचार रोजच्या भाषेत मांडला तो या लोकांनी, आणि पुढे स्वातंत्र्य आल्यावर सगळ्यात आधी बाजूला सारले गेले तेही यांच्यातलेच.

हॅरी थुकू बघा. नैरोबीत सरकारी खजिना खात्यात टेलिफोन ऑपरेटर होता, त्याआधी एका इंग्रजी पेपरच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम केलेलं. १९२१ मध्ये मजुरी कापायची ठरली, वर किपांडे आणि झोपडीपट्टी, म्हणजे झोपडीमागे द्यायचा कर, तेव्हा यानं संघटना काढली आणि गावचे सरकारी मुखिये, मिशनरी, कलेक्टर या सगळ्यांना ओलांडून तक्रार थेट लंडनला पाठवली. तारेनं. त्या काळात हे किती मोठं धाडस होतं! त्यात त्यानं असंही म्हटलं की मिशनऱ्यांच्या खालोखाल हिंदी (म्हणजे भारतीय) लोक आमचे मित्र आहेत. त्याची पत्रकं छापायला मदत केली ती मणिलाल देसाई या गुजराती संपादकानं, ईस्ट आफ्रिकन क्रॉनिकलच्या प्रेसमधून. मार्च १९२२ मध्ये थुकूला पकडलं, १६ तारखेला पोलीस चौकीबाहेर हजारो लोक जमले, पुरुष पुढारी आत जाऊन बोलणी करून आले आणि लोकांना घरी जायला सांगायला लागले. तेव्हा मेरी न्यांजिरू नावाची बाई पुढे झाली, तुमच्या विजारी आम्हाला द्या, आमचे कपडे तुम्ही घाला, असं म्हणाली असं लोक सांगतात, आणि जमाव चौकीकडे सरकला. गोळीबार झाला, निदान २१ माणसं गेली, मेरी त्यातच. थुकूला पार किसमायूला पाठवून दिलं.

मग १९२८ ची गोष्ट. नैरोबी नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायचं काम करणारा एक तरुण होता, स्कॉटिश मिशनमध्ये वाचन आणि सुतारकाम शिकलेला, जॉन्स्टन केन्याटा. किकुयू सेंट्रल असोसिएशन या किकुयू जमातीच्या राजकीय संघटनेनं त्याला मे महिन्यात मुइग्विथानिया हे गिकुयू भाषेतलं मासिक काढायला लावलं. (भाषेला गिकुयू आणि लोकांना इंग्रजीत किकुयू म्हणतात, मी दोन्ही वापरतोय.) त्यात ब्रिटिश सरकारविरुद्ध गर्जना वगैरे नव्हत्या. लोकांची पत्रं होती, जमिनीबद्दल, शेळ्यांबद्दल, पोरांना शाळेत घाला म्हणून, बायकापोरांनी कसं वागावं म्हणून, म्हणी, वाडवडलांच्या गोष्टी. एकजण वाचायचा आणि दहाजण ऐकायचे. डोंगराच्या एका धारेवर राहणाऱ्या माणसाला पलीकडच्या चौथ्या धारेवरचा माणूस काय म्हणतोय ते पहिल्यांदाच कळत होतं, आणि तो आपलाच आहे हेही.

यातला धोकाही तिथेच होता आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. किकुयू लोक या छापील पानांवर ‘आपण किकुयू’ म्हणून एक झाले. लुओ लोकांची वेगळी पत्रं निघाली, इतरांची वेगळी. केनिया नावाचा देश अजून कुणाच्या मातृभाषेत नव्हता. पुढच्या राजकारणात जमातीजमातींची जी भांडणं झाली त्याची मुळं नुसती ब्रिटिशांच्या फोडा आणि झोडामध्ये शोधून भागणार नाही, थोडी या प्रेमानं काढलेल्या मासिकांतही आहेत.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मिशन आणि लोक यांच्यात मोठी फूट पडली. कारण होतं मुलींची सुंता. मिशननं ती बंद करायला सांगितली, आणि नुसतं सांगून थांबले नाहीत, मिशनशी संबंध ठेवायचा तर कागदावर लिहून द्या, अंगठा उठवा, की आम्ही ही प्रथा सोडली आणि असोसिएशनशीही आमचा संबंध नाही. ती प्रथा बायकांच्या शरीरावरचा भयंकर अत्याचार आहे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही, आणि त्या सगळ्या वादात खुद्द मुलींना कुणी विचारलं नाही, मिशननं नाही, असोसिएशननं तर नाहीच. केन्याटानं पुढे लंडनमध्ये मानववंशशास्त्र शिकून जे पुस्तक लिहिलं त्यात या प्रथेची पाठराखणच केली. पण ज्यांच्या गळ्यात आधीच ठशांची डबी होती त्यांच्याकडून पुन्हा अंगठा मागणं, आणि तोही राजकारण सोडण्याच्या अटीसकट, याचा परिणाम काय होणार होता? लोक चर्चमधून उठून गेले. पोरांना शाळेतून काढलं. आणि मग जे केलं ते मला थक्क करतं, त्यांनी स्वतःच्या शाळा बांधल्या.

गावोगाव, वर्गण्या काढून, मातीच्या भिंती, गवताची छपरं. किकुयू इंडिपेंडंट स्कूल्स असोसिएशन आणि तिच्याहून कडवी करिंगा संघटना, अशा दोन संघटनांखाली शेकडो शाळा उभ्या राहिल्या. मास्तर बहुतेक मिशनमधून फुटून आलेले. १९३९ मध्ये गिथुंगुरीला शिक्षकांसाठी स्वतःचं कॉलेज निघालं, ते चालवायला कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला म्बियू कोइनांगे होता, आणि पैसे कुणाचे, तर शेतकऱ्यांचे, मजुरांचे, बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांचे. सरकारला या शाळांची जेवढी भीती वाटायची तेवढी भाल्यांची वाटत नसावी. १९५२ नंतर इमर्जन्सीमध्ये, म्हणजे माउ माउ या गुप्त सशस्त्र संघटनेचं बंड मोडायला सरकारनं पुकारलेल्या आणीबाणीत, या शाळा बंद पाडल्या, आणि गिथुंगुरीच्या त्या कॉलेजच्या जागेवर फाशीचा खांब उभा केला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसलो होतो.

आता हेन्री मुओरिया. माझा सगळ्यात आवडता माणूस. १९१४ चा जन्म, काबेटेचा, रेल्वेत गार्ड. पत्रकारितेचा पोस्टानं कोर्स केला, म्हणजे धडे टपालानं यायचे, हा गाडीत बसून वाचायचा. १९४५ मध्ये पहिली पुस्तिका काढली, तिचं नावच ‘आपण काय करायचं, आपल्या माणसांनो’ अशा अर्थाचं आहे, आणि त्याच वर्षी मुमेन्येरेरी हे पत्र. रेल्वेची नोकरी सोडली. खप वाढत वाढत दहा हजारांच्या घरात गेला, ऐकणारे वेगळे. बायको रूथ नुना कामात मदतीला. त्याचं लिहिणं वाचलं (इंग्रजी भाषांतरातून, गिकुयू मला येत नाही) तर त्यात सॉक्रेटिस येतो, बायबल येतं, म्हणी येतात, आळस करू नका येतं, जमीन कुणाची हा प्रश्न येतो. विद्यापीठात कधी पाय न ठेवलेला माणूस स्वतःच्या लोकांशी स्वतःच्या भाषेत तत्त्वज्ञान बोलतोय, आणि समोर कॉलेजातले दोघेचौघे नाहीत, चहाच्या टपरीवरचे मजूर आहेत.

त्याच्या पत्रात टी पार्टीच्या छोट्या जाहिराती यायच्या, अमुक ठिकाणी अमुक दिवशी चहापान. यातली काही चहापानं म्हणजे माउ माउच्या शपथविधीची आमंत्रणं आहेत असा सरकारला संशय होता. मुओरिया स्वतः शपथा देणारा माणूस नव्हता, उलट कष्ट करा, शिका, पैसा कमवा अशा मताचा. पण १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये इमर्जन्सी जाहीर झाली तेव्हा तो लंडनमध्ये होता, पत्र बंद झालं, परत आला असता तर थेट तुरुंग. तो तिथेच राहिला. लंडनच्या भुयारी रेल्वेत गार्डची नोकरी धरली, म्हणजे पुन्हा गार्ड, आणि १९९७ मध्ये लंडनलाच गेला. लिहीत राहिला, पण छापणारं जवळपास कुणी नव्हतं.

या पत्रांचं छपाईचं काम बऱ्याचदा नैरोबीतल्या हिंदी छापखान्यांत व्हायचं. गिरधारीलाल विद्यार्थी यांचा कोलोनियल प्रिंटिंग वर्क्स, तिथून कोलोनियल टाइम्स निघायचा आणि स्वाहिली, गिकुयू, लुओ पत्रंही. विद्यार्थी राजद्रोहाच्या गुन्ह्यात आत जाऊन आले. ट्रेड युनियनवाले माखन सिंग, त्यांच्या वडलांचाही छापखाना. १९५० मध्ये माखन सिंग यांनी जाहीर सभेत पूर्व आफ्रिकेला पूर्ण स्वातंत्र्य हवं म्हणून मागणी केली आणि पुढची अकरा वर्षं त्यांनी नजरकैदेत काढली. अंबू पटेल तर पुस्तकं बांधायचं काम करणारा, गांधींना मानणारा माणूस, केन्याटाच्या सुटकेसाठी पत्रकं काढत फिरायचा.

माझे आजोबा सांगलीला एका छापखान्यात कंपोझिटर होते. शाळा चौथीपर्यंतच, पण उलटी अक्षरं सुलट असल्यासारखी वाचायचे आणि मोठमोठ्या प्राध्यापकांच्या लेखातला ऱ्हस्वदीर्घ गुपचूप सुधारून टाकायचे. त्यामुळे असेल, नैरोबीतल्या त्या खोल्यांचा विचार करताना मला संपादकाच्या आधी खिळे जुळवणारा दिसतो. गुजराती किंवा पंजाबी घरातला पोरगा, त्याच्यापुढे गिकुयू मजकूर, ज्यातला एक शब्दही कदाचित त्याला कळत नसेल, आणि हा डोक्यावर चिन्ह असलेले आय आणि यू केसमधून शोधून शोधून लावतोय. पोलीस आले तर मशीन जप्त होणार ते त्याच्या शेटचं, आणि रोजगार बुडणार तो याचा. अशा पोरांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत. व्यापारी म्हणून हिंदी लोक तिथे आफ्रिकनांशी कसे वागले याच्या वाईट कथा खूप आहेत आणि त्या खऱ्या आहेत, म्हणून तर ही छापखान्याची बाजू जास्त जपायला हवी असं मला वाटतं.

आणि पियो गामा पिंटो. हा तर आपल्या जवळचाच. गोव्याचं कुटुंब, जन्म नैरोबीचा, ३१ मार्च १९२७. लहानपणी शिकायला इकडे पाठवला, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात होता, मुंबईत पोस्ट अँड टेलिग्राफमध्ये नोकरी, तिथे संपात उतरला. मग गोव्यात पोर्तुगीजांविरुद्धच्या कामात, गोवा काँग्रेसमध्ये. पकडला जाणार असं दिसल्यावर १९४९ मध्ये परत केनियाला. तिथे डेली क्रॉनिकलमध्ये संपादन, आफ्रिकन पुढाऱ्यांच्या निवेदनांचे मसुदे, जंगलातून लढणाऱ्या माउ माउच्या लोकांना शस्त्रं आणि पैसे पोचवणं, सगळं एकाच वेळी. जानेवारी १९५४ मध्ये लग्न झालं आणि जूनमध्ये अटक. मांडा बेटावरच्या छावणीत काही वर्षं, मग कबार्नेटला स्थानबद्ध, १९५९ मध्ये सुटला. माझ्या शाळेच्या पुस्तकात गोवा मुक्तिसंग्रामाचा धडा होता, त्यात याचं नाव नव्हतं.

माउ माउ चालवल्याच्या आरोपावरून केन्याटावर कपेनगुरियाला खटला चालला, त्यात बचावाच्या वकिलांत नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलाल होते, आणि फिट्झ डिसूझा हा तरुण गोवेकरही. एप्रिल १९५३ मध्ये सात वर्षांची सजा झाली. मुख्य साक्षीदार रॉसन माचारिया, याला खोटी साक्ष द्यायच्या बदल्यात सरकारनं काय कबूल केलं होतं माहितेय? इंग्लंडमध्ये शिकायची सोय. पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यानं स्वतःच ते लिहून दिलं. शिक्षणाची भूक त्या समाजात किती होती आणि सरकारला ती किती नेमकी ठाऊक होती, याचा याहून वेगळा पुरावा मला नको.

जंगलातली लढाई म्हटलं की जटा वाढवलेले, कातडी पांघरलेले लोक दाखवतात. पण त्यांचा पुढारी देदान किमाथी आधी मास्तरकी केलेला माणूस, आणि त्याला नोंदी ठेवायचं वेड होतं. ॲबर्डेअरच्या जंगलात पावसात, बॉम्ब पडत असताना, हजेरीपट, हिशेबाच्या वह्या, सभांची टिपणं, पत्रांच्या नकला. करारी न्जामा हा दुसरा मास्तर त्याचा सेक्रेटरी. आपल्या परिषदेला त्यांनी केनिया पार्लमेंट असं नाव दिलं होतं. वह्या कशाला, असा प्रश्न पडतो. मला वाटतं त्यांना सिद्ध करायचं होतं की आम्ही टोळी नाही, सरकार आहोत, आणि उद्या जमिनी वाटायच्या वेळी कुणी काय सोसलं ते लिहिलेलं असावं. वह्या इंग्रजांच्या हाती लागल्या. किमाथीला १९५६ च्या ऑक्टोबरात पकडलं, १८ फेब्रुवारी १९५७ ला फाशी. इमर्जन्सीत एकूण १,०९० माणसं फासावर गेली.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी गाणी होती. चर्चच्या प्रार्थनांच्या चाली, शब्द मात्र जमिनीचे आणि केन्याटाचे. लांबून ऐकणाऱ्या मिशनऱ्याला वाटायचं भजन चाललंय.

छावण्यांतही लेखणी थांबली नाही. गकारा वा वांजाऊ, लेखक आणि छपाईवाला, १९५२ मध्ये गिकुयू आणि मुंबी या मूळ आईबापांच्या नावानं श्रद्धापत्र छापलं म्हणून पकडला. मांडा बेटावर त्यानं लपवून डायरी लिहिली, ती पुढे १९८३ मध्ये छापून आली. इतर कैदी तर अर्ज लिहायचे, राज्यपालाला, लंडनच्या वसाहत खात्याला, पार्लमेंटच्या मेंबरांना. चोरून बाहेर जायचे ते अर्ज, कायद्याची कलमं घालून, आम्हाला मारहाण होते, पोटभर अन्न नाही. मार्च १९५९ मध्ये होला छावणीत ११ कैदी मारून टाकले आणि सरकारनं आधी सांगितलं की पाणी पिऊन मेले. खोटं टिकलं नाही, लंडनच्या पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला, आणि त्यानंतर छावण्या फार काळ चालू शकल्या नाहीत.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. केन्याटा पंतप्रधान, मग राष्ट्राध्यक्ष. आणि पुढचं लिहिताना मला खरंच त्रास होतो. पिंटो खासदार झाला होता, लुमुंबा इन्स्टिट्यूटमध्ये पक्षाच्या कार्यकर्त्यांना शिकवायचं काम उभं करत होता, जमीन गरिबांना मिळाली पाहिजे यावर अडून बसला होता. २४ फेब्रुवारी १९६५ ला सकाळी घराच्या फाटकापाशी त्याला गोळ्या घातल्या, लहान मुलगी गाडीत होती. ३७ वर्षांचा होता. एक माणूस शिक्षा भोगून २००१ मध्ये सुटला, पण मागे कोण होतं ते सरकारनं कधी बाहेर येऊ दिलं नाही. जे. एम. कारियुकी, ज्यानं छावण्यांवर पहिल्यांदा आठवणी लिहिल्या, त्याचा १९७५ मध्ये खून झाला. आणि १९७७ च्या शेवटच्या दिवशी लेखक एन्गुगी वा थियोंगोला उचललं, गुन्हा काय, तर कामिरिथू गावातल्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक केलं. त्यानं तुरुंगात टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. राष्ट्राध्यक्ष कोण होता? मुइग्विथानियाचा तोच संपादक. ज्यानं गावातल्या माणसाला त्याच्या भाषेत छापील पान दिलं, त्याच्याच राज्यात गावातल्या माणसानं त्या भाषेत बोललेलं सहन झालं नाही. मी यावर खूप विचार केलाय. केन्याटा बदलला असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं त्याला कुणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं की असल्या पानांनी काय होतं. माउ माउ संघटनेवरची बंदी तर स्वतंत्र देशातही २००३ पर्यंत कायम होती.

जाता जाता ब्रिटिशांनी केनियातले पुष्कळ सरकारी कागद जाळले आणि बाकीचे विमानानं लंडनला नेले. छळ सोसलेल्या म्हाताऱ्या केनियन माणसांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला, तेव्हा २०११ मध्ये कबूल करावं लागलं की हॅन्सलोप पार्क नावाच्या ठिकाणी ३७ जुन्या वसाहतींच्या हजारो फायली लपवून ठेवल्यात, त्यात केनियाच्या साधारण १,५०० आहेत. २०१३ मध्ये ५,२२८ जणांना मिळून १.९९ कोटी पौंड द्यायचं ठरलं. मुओरियाच्या पुस्तिकाही आता कुठे, २००९ मध्ये, एका बाजूला गिकुयू आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अशा नीट छापल्या गेल्यात, त्याच्या मुलीनं त्यासाठी खपून काम केलं.

आपल्याकडेही यातलं काही पडून असणार. गोव्यात, मुंबईत, गुजरातेत पूर्व आफ्रिकेतून परत आलेली घरं आहेत, त्यांच्या ट्रंकांत पत्रं असतील, छापखान्याची बिलं असतील, जुने अंक असतील, पिंटोच्या मुंबईच्या दिवसांतला एखादा फोटोही असेल. कुणाकडे असं काही असेल तर कृपा करून रद्दीत घालू नका. वाचता येत नसलेल्या भाषेतलं असेल तर अजिबातच घालू नका, स्कॅन करून घ्या, एखाद्या अभिलेखागाराला, विद्यापीठाला द्या, किंवा निदान घरातल्या मोठ्यांना बसवून कोण कुठल्या प्रेसमध्ये होतं ते लिहून तरी घ्या. ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.